वजा सात

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने मधेच थोरल्या भावजींना शिव्या घालायला नकोत. मी त्यांना पुष्कळ वर्षं घातल्या, मनातल्या मनात, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी बदलापूरच्या दौलतराव मास्तरांची मुलगी. वडील दिवसा शाळेत चौथीला शिकवायचे आणि संध्याकाळी ओटीवर हायस्कूलच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे. मी आत बसून भाजी निवडायची आणि ऐकायची. मुलं बीजगणितात अडली की माझ्या तोंडून उत्तर निसटायचं. मग वडील ओरडायचे, "अंजनी, तुला कोणी विचारलं?" पण जेवायला बसल्यावर तेच मला हळूच एखादं नवं गणित घालायचे. सातवीनंतर मला शाळा नव्हती, तरी वर्गसमीकरणापर्यंत मी त्या भिंतीआड बसूनच शिकले. नाक वर करून सांगत नाही, पण ओटीवरच्या मुलांपेक्षा मला जास्त यायचं.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या सुरुवातीला माझं लग्न झालं, सोनिवलीच्या भातशेतीवाल्या घरात. नवऱ्याचं नाव हिंदुराव. आम्ही बायका तेव्हा नवऱ्याचं नाव घेत नव्हतो, म्हणून इथे एकदाच लिहिते, पुढे 'हे'च म्हणेन. मला तेच जमतं. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे नव्हते, त्यामुळे थोरले दीर बाळाजी, म्हणजे थोरले भावजी, हेच घरचे कर्ते. शिवाय जाऊबाई, त्यांची चार मुलं आणि आम्ही दोघं. एवढ्यांना मिळून एक माजघर आणि एक स्वयंपाकघर.

हे अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. अंबरनाथ म्हणजे बदलापूरहून एक स्टेशन. रोज ये-जा करायला काय झालं होतं, असं आज कोणीही विचारील. पण गाड्या मोजक्या होत्या, सकाळच्या पाळीला वेळेवर पोचवणारी एकही नव्हती, आणि सोनिवलीपासून स्टेशनपर्यंत पाऊण तासाची पायपीट वेगळी. म्हणून हे तिथेच सात-आठ कामगारांबरोबर एका खोलीत राहायचे. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे, रविवारी संध्याकाळी परत जायचे. आमचा संसार एका स्टेशनाच्या अंतरावर अडकून पडला होता.

आणि घरी आले तरी काय? दिवसाउजेडी नवरा-बायकोने बोलत बसायची पद्धत नव्हती. थोरल्या दिरासमोर तर सुनेने तोंडच उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर दाराआड उभं राहून आत्याबाईंना सांगायचं, मग त्या त्यांना सांगायच्या. सहा वर्षांत माझ्या नवऱ्याशी माझं जे बोलणं झालं ते 'पाणी ठेवलंय', 'वाढू का' आणि 'जपून जा' एवढ्यात मावण्यासारखं होतं. झोपायला सगळं घर माजघरात. पाळणा हलत नाही म्हणून आत्याबाई दर वर्षी नवा नवस बोलायच्या. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. नवस कशाला हवा होता, आम्हाला फक्त एक दार हवं होतं.

ते दार मिळायची वाट एकोणीसशे चोपन्नच्या दिवाळीनंतर दिसली. कारखान्यात सुपरवायझरच्या जागा निघाल्या. सुपरवायझर झालं की दोन खोल्यांचं क्वार्टर. परीक्षा होती फेब्रुवारीत, तीन पेपर: ड्रॉइंग, मशीनचं काम आणि गणित. पहिल्या दोन पेपरांत यांचा हात कोणी धरला नसता. पण शाळा पाचवीत सुटलेली, आणि गणितात बीजगणित होतं.

हे पुस्तक घेऊन आले ते उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून. एका सिंधी म्हाताऱ्याच्या गाडीवर जुनी पुस्तकं होती, त्यातलं एक. पुस्तक कराचीच्या कुठल्या शाळेचं, पहिल्या पानावर सिंधी अक्षरांत कोणाचं तरी नाव. "मेरे लड़के ने इसी से पास किया, साईं," असं म्हणून त्याने ते आठ आण्यांना दिलं होतं. आतला मजकूर इंग्रजी. मला इंग्रजी नुसतं अक्षरओळखीपुरतं, पण यांना कारखान्यामुळे शब्द कळायचे. म्हणजे इंग्रजी यांचं आणि गणित माझं, अशी वाटणी झाली.

यांनी आत्याबाईंना विचारलं ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. "आये, अंजनीला गणित येतं. तिच्याकडून शिकू का रविवारचं?"

थोरले भावजी ओसरीवरून हसले. "काय रं हिंदू, बायकू मास्तरीण आन तू शाळंतला पोर?"

"शिकंल तं शिकू दे," आत्याबाई म्हणाल्या. "घर मिळायचं हाय ना? पर खळ्यावर बसा, सगळ्यांच्या नजरंत."

भातं झोडून खळं मोकळं झालं होतं. शेणाने सारवलेल्या त्या जागेवर रविवारी दुपारी मी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसायची आणि हे तीन हात लांब, वही मांडीवर घेऊन. जाणारा-येणारा बघायचा. बघू दे. लग्नानंतर सहा वर्षांनी मी माझ्या नवऱ्याशी दोन-दोन तास बोलत होते, त्यांच्या डोळ्यांत बघून, आणि कोणाची टाप नव्हती मला उठवायची. मी 'क्ष' म्हणायची, हे 'एक्स' म्हणायचे. चुकले की जीभ चावायचे. उत्तर बरोबर आलं की वही माझ्याकडे सरकवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे, मी 'बरोबर' म्हणेपर्यंत. मी मुद्दाम उशीर लावायची. मी त्या दिवसांत फार सुखी होते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

हे मनाचे पक्के होते. कळल्याशिवाय पुढे जायचे नाहीत, आणि एकदा कळलं की ते दगडावरची रेघ. माझं म्हणणं तर प्रमाणच मानायचे. एकदा पुस्तकात एका ठिकाणी वेगळं उत्तर छापलेलं निघालं. यांनी पेन्सिलने पुस्तकातलं खोडलं आणि माझं लिहिलं. सुदैवाने माझंच खरं होतं.

जानेवारीच्या शेवटी आम्ही वर्गमुळाला आलो. मला वाटलं, कोऱ्या आकड्यांनी यांना ते भिडायचं नाही, तेव्हा यांच्याच कामातलं काही तरी घ्यावं. मी म्हटलं, "एक चौकोनी पत्रा आहे. चारी बाजू सारख्या. सगळा मिळून एकोणपन्नास चौरस इंच. बाजू किती?"

"सात."

"हेच एकोणपन्नासाचं वर्गमूळ."

"एवढंच?" हे खूश झाले. पुढच्या शनिवारी येताना कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून पत्र्याचा तुकडा घेऊन आले, सात इंच बाय सात इंच, नीट कापलेला, वर एकेका इंचाच्या रेघा ओढलेल्या. वर्गमुळाच्या चिन्हाला ते छप्पर म्हणायला लागले. "ह्या छपराखाली एकोणपन्नास, बाहेर आला सात. ह्या छपराखाली चौसष्ट, बाहेर आला आठ." शंभरपर्यंतची सगळी छपरं त्यांनी धडाधड सोडवली.

त्यात चूक काहीच नव्हती. त्या चिन्हाचा अर्थच तो, त्याखालचा आकडा दिला की धन मूळ एकच सांगायचं. पण हे निम्मंच झालं. पुढचं निम्मं असं की, क्षचा वर्ग एकोणपन्नास आहे तर क्ष काढा, असं समीकरण आलं तर उत्तरं दोन. सात, आणि वजा सात. कारण वजा साताला वजा सातानं गुणलं तरी अधिक एकोणपन्नासच येतात. वर्ग झाला की चिन्ह पुसलं जातं. समोर नुसते एकोणपन्नास उभे राहिले तर ते कुठल्या साताचे, हे कळायला मार्ग नाही, म्हणून दोन्ही लिहायचे. एकच लिहिलं तर अर्धं गणित गेलं, आणि ते उत्तर पुढे दुसरीकडे वापरायचं असेल तर पुढचंही गेलं. वडिलांनी हे माझ्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मी ठरवलं, पत्र्याची गोष्ट यांच्या मनात नीट रुजू दे, वजाचं पुढच्या रविवारी सांगू. परीक्षा त्यानंतरच्या मंगळवारी होती. वेळ पुरेसा होता.

तो रविवार उजाडला, पण हे आदल्या दिवशी आलेच नव्हते. ओव्हरटाइम लागला होता. आले ते रविवारी सकाळच्या गाडीने, आणि एकटे नाही, बरोबर कारखान्यातले तिघं. भावजींनीच निरोप धाडून बोलावलं होतं, भाऊ परीक्षेला बसतोय म्हणून कोंबडं कापायचा बेत. त्या तिघांत एक हरिचंद्र होता, यांच्याच मशीनशेजारचा, तोही परीक्षेला बसणार होता. मी सकाळपासून मसाला वाटत होते आणि वाट बघत होते की हे खळ्यावर कधी येतात. पाहुणे ओसरीवर बसलेले. हे त्यांच्यातून उठून बायकोकडे शिकायला कसे येणार?

जेवणं व्हायची होती. मी आत भाकऱ्या थापत होते, दार अर्धवट लोटलेलं. बाहेर गणिताचा विषय निघाला.

"हिंदुराव, माझं एक अडलंय बघ," हरिचंद्र म्हणाला. "एक्सचा वर्ग एकोणपन्नास, तर एक्स किती? माझ्या गाईडात मागं दोन-दोन उत्तरं छापलीत. सात आन वजा सात. छापणाऱ्याची चूक काय ही?"

माझा हात पिठातच थांबला.

"अरे, वजा सात इंचाचा पत्रा कापलास काय तू कधी?" हे म्हणाले. आवाजात असा काही आनंद होता की काय सांगू. "बाजू म्हंजे माप. माप घेतलं आन वजा आलं, तं तो माल रिजेक्ट. सात लिहायचा आन खाली दोन रेघा मारायच्या. संपलं."

पाहुणे हसले. कोणी तरी यांच्या पाठीवर थाप मारली. आणि थोरले भावजी, ज्यांनी आजवर यांच्या शिकण्याची नुसती टिंगल केली होती, ते म्हणाले, "म्हंजे आमच्या हिंदूला येतंय तं! मी उगीच हसत होतो." त्यांनी भावाचं असं कौतुक केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

हरिचंद्र मात्र अजून घुटमळत होता. "पर गाईडात दिलंय रे."

"मंग इचार की मास्तरणीला," भावजी म्हणाले. "पास करतीय का नापास, कळू दे आमाला बी."

सगळे परत हसले. आणि यांनी खरंच हाक मारली. "अंजनी, बरोबर सांगितलं ना मी?"

अर्ध्या दारातून मला यांचा चेहरा दिसत होता. हे हसत होते. खळ्यावर वही सरकवून थांबायचे तसे थांबले होते. तव्यावरची भाकरी करपायला लागली. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनीच दटावल्यासारखं, की बाई, चार माणसांत नीट बोल. मला सगळं एकदम दिसलं. मी 'नाही' म्हटलं तर काय होईल, भावजी मांडीवर थाप मारून कसे हसतील, सोनिवलीत ती गोष्ट वर्षभर कशी फिरेल, की हिंदुरावाला बायकोनं पाहुण्यांदेखत नापास केलं. आत्ताच कुठे त्यांना मान मिळाला होता. तो मी हिसकावून घ्यायचा? मी स्वतःशी म्हटलं, पाहुणे गेले की सांगू. दोन मिनिटांचं काम.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

सहा वर्षांत थोरल्या दिरासमोर मी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि ते खोटं बोलायला. बाहेर एकच गलका झाला. हे हरिचंद्राला म्हणाले, "आता तरी खोड ती वजा." मी करपलेली भाकरी उतरवली आणि दुसरी थापायला घेतली.

दोन मिनिटं मला मिळाली नाहीत. जेवणं झाली, पानं झाली, गप्पा झाल्या, आणि तीन वाजता सगळे एकदमच निघाले. भावजीही त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत निघाले. मी बाहेर आले ती डबा द्यायला. डबा यांच्या हातात दिला, भावजी दोन पावलांवर उभे. मी म्हटलं, "जपून जा." हे म्हणाले, "येतो." मी शेताच्या बांधापर्यंत मागे गेले. शेजारच्या शेतात बायका वालाच्या शेंगा तोडत होत्या. हे वळणावर पोचले तेव्हा थांबून मागे बघितलं. मला ओरडता आलं असतं, 'वजा सातही लिहा' म्हणून. तीन शब्द. त्या बायका हसल्या असत्या, भावजी हसले असते, चार दिवसांनी सगळे विसरले असते. मी तोंडात पदर धरून उभी राहिले. मला माझा आजही राग येतो.

सोमवारी सकाळी मी आत्याबाईंना विचारलं, माहेरी जाऊन येऊ का एक दिवस? बदलापुरात गेले असते तर वडिलांना अंबरनाथला धाडलं असतं. त्या म्हणाल्या, "वाल तोडायचा पडलाय, आन आता कसलं म्हायेर?" मी मान डोलावली. कारण सांगितलं असतं तर कदाचित पाठवलंही असतं. पण कारण सांगायचं म्हणजे मी कालच खोटं बोलले हे सांगायचं. मी विळा घेऊन शेतात गेले आणि दिवसभर स्वतःची समजूत घालत राहिले, की शंभर गुणांच्या पेपरात ते एवढंसं काय येणार आहे.

आलं होतं. एक सरळच, आणि एक कंसात: एक्स वजा तीन, कंसाचा वर्ग, बरोबर पंचवीस. त्याची उत्तरं आठ आणि वजा दोन. यांनी आठ लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या. आकडा ओळखायचं तिसरं एक होतं, तेही तिथेच अडकलं. पास व्हायला पन्नास गुण लागत होते. यांना शेहेचाळीस पडले.

निकाल लागल्याच्या शनिवारी हे नेहमीसारखे आले. आईला सांगितलं, "नाय झालं." भावजींनी, खरं सांगायचं तर, एक अक्षर वाकडं काढलं नाही. "दोन वरसांनी परत बस," एवढंच म्हणाले. रविवारी दुपारी मी खळ्यावर सूप घेऊन बसले. हे येतील असं वाटलं नव्हतं, पण आले. वही नव्हती. तीन हातांवर न बसता समोरच उभे राहिले.

"हरिचंद्र पास झाला," हे म्हणाले. "अठ्ठावन्न."

"बरं झालं."

"त्यानं दोन्ही लिहिली होती. सात आन वजा सात. म्हणाला, वहिनी बरोबर म्हणाल्या म्हणून मी खोडणारच होतो, पर गाईडाची भीती वाटली."

मी तांदळातले खडे बघत होते.

"तुला ठाऊक होतं का ते?"

त्या वेळी मला खोटं बोलायची आणखी एक संधी होती. मलाही चुकून तसंच वाटत होतं, असं म्हटलं असतं तर यांनी विश्वास ठेवला असता आणि आम्ही दोघं मिळून रडलो असतो. पण त्या एका खोट्याने मी महिनाभर जळत होते. मी म्हटलं, "होतं."

"तेव्हा? मी इचारलं तेव्हा?"

"तेव्हाही."

मी भराभर बोलायला लागले. भावजी बसले होते, पाहुणे होते, भावजी पहिल्यांदाच तुमचं कौतुक करत होते, चार माणसांत मी तुम्हाला चूक कसं म्हणू, तुमचा मान गेला असता. मी नंतर सांगणार होते. मला वेळ मिळाला नाही.

"मान," हे म्हणाले. मग खाली बसले, अगदी माझ्याजवळ, सगळ्या गावाच्या देखत. "अंजनी, मी तुला इचारलं होतं. दादाला नाय, हरिचंद्राला नाय. दादा म्हणाला म्हणून नाय इचारलं मी. तीन महिने तो हसत होता ना, बायकू शिकवतेय म्हणून. मला त्याला दाखवायचं होतं की हो, शिकवते, आन मला त्याची लाज वाटत नाय. तू नाय म्हणाली असतीस, चूक हाय म्हणाली असतीस, तं मी तिथंच वही काढून चार माणसांत शिकलो असतो तुझ्याकडनं."

माझ्या हातातलं सूप कलंडलं, तांदूळ खळ्यावर सांडले. माणूस मला सगळ्यांच्या देखत मान देत होता, आणि मी त्याचा मान राखायला म्हणून खोटं बोलले. मी रडायला लागले. यांनी मला गप्प केलं नाही, रागावलेही नाहीत. सांडलेले तांदूळ दोन्ही हातांनी गोळा करून सुपात भरून दिले आणि उठून गेले. एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी स्वतःला सांगितलं, राग आहे, उतरेल. रविवारमागून रविवार गेले. हे यायचे, जेवायचे, शेतात भावाबरोबर राबायचे, जायचे. खळ्यावर मी एकटी बसायची. त्या पुस्तकाचं काय झालं कोण जाणे, मला ते पुन्हा दिसलं नाही.

एकोणीसशे छप्पन्नच्या शेवटी परत परीक्षा निघाली. फॉर्म घेऊन हरिचंद्र स्वतः सोनिवलीला आला. आता त्याचं क्वार्टर झालं होतं, बायको तिथे राहायला आली होती, मूल व्हायचं होतं. "वहिनी, ह्या खेपेला त्याला बसवाच," असं म्हणून फॉर्म माझ्याकडे ठेवून गेला. मी सगळ्या रकान्यांत माझ्या अक्षरात माहिती भरली. फक्त सही राहिली. त्या शनिवारी हे आले आणि मी पद्धत-बिद्धत गुंडाळून ठेवून, आत्याबाई समोर असताना, थोरले भावजी ओसरीवर असताना, फॉर्म यांच्यापुढे धरला. "ह्या वेळी मी सगळं शिकवते," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. भावजी उठून अंगणात गेले, आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून. ते एवढे वाईट कधीच नव्हते.

यांनी फॉर्म वाचला. माझं अक्षर बघून जरासे हसलेही. "हरिचंद्रानं मला ते समजावलं," म्हणाले. "वर्ग केला की सात आन वजा सात सारखेच दिसतात. समोर नुसते एकोणपन्नास. ते कुठनं आले, ते कळत नाय. खरंय ना?"

"खरंय."

"तुझं तसं झालंय माझ्यासाठी. तू 'बरोबर' म्हणतीस, आन मला कळत नाय की खरं म्हणून म्हणतीस, का मला बरं वाटावं म्हणून."

"आता खरंच सांगेन. शपथ घेते."

"सांगशील तू. पर मला कसं कळणार?" हे अगदी शांतपणे बोलत होते, मला समजावून सांगितल्यासारखं. "एकेक पायरी मी तुझ्या तोंडाकडं बघून चढायचो. आता नाय जमायचं मला ते."

फॉर्मवर सही झाली नाही. मुदत पंधरा दिवसांची होती. ती गेली.

पुढे एकोणसाठ साली अंबरनाथला भाड्याची एक खोली मिळाली. सुपरवायझरचं क्वार्टर नव्हे, चाळीतली साधी खोली, पण आमची दोघांची. मी तिथे राहायला गेले. हे वाईट वागले नाहीत. पगार माझ्या हातात द्यायचे, मी आजारी पडले तर डॉक्टर आणायचे, मी काही विचारलं की उत्तर द्यायचे. फक्त त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. पाळीवरून आले की न्हाणीत पाणी काढलेलं असायचं, मी शेजारी उभी असायची. पाणी तापलंय का, एवढंसुद्धा विचारायचे नाहीत. बादलीत हात घालून बघायचे.